बोटीच्या एंजिनाची हिवाळी झोप

एप्रिलचा दुसरा आठवडा. आपल्याकडे या दिवसांत उन्हाने अंगाची लाही लाही होत असते. पण कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतात सरोवरांवरचे बर्फ तेव्हा नुकते कोठे नाहीसे होऊ लागलेले असते. माझा एक भाचा तिकडे राहतो. काही वर्षांपूर्वी त्याने आणि त्याच्या शेजाऱ्याने मिळून एक जुनी मोटारबोट घेतली. पहिला उन्हाळा मजेत गेला. ऑक्टोबरमध्ये बोट पाण्याबाहेर काढून अंगणात ठेवली, वर ताडपत्री बांधली आणि हिवाळा संपण्याची वाट पाहिली.

एप्रिलमध्ये ताडपत्री काढली. बॅटरी जोडली. नळाचे पाणी देऊन किल्ली फिरवली आणि काय आश्चर्य, एंजिन पहिल्याच झटक्याला सुरू झाले! दोघेही खूश. दहा मिनिटांनी भाच्याने सहज म्हणून तेलाची पट्टी, म्हणजे डिपस्टिक, ओढून पाहिली. पट्टीवरचे तेल काळसर तपकिरी असायला हवे होते. ते दुधाच्या चहासारखे झाले होते. तेलात पाणी मिसळले होते. एंजिन बंद करून विजेरीच्या उजेडात पाहिले तेव्हा सिलिंडरच्या ठोकळ्याच्या एका बाजूला वीतभर लांब, केसासारखी बारीक चीर सापडली. तशीच एक चीर आतल्या बाजूलाही असणार, कारण पाणी तेलात उतरले होते ते तिच्यातूनच. मेकॅनिकने नुसते पाहिले आणि सांगितले, “हे एंजिन गेले.”

भाचा मला फोनवर पुन्हा पुन्हा सांगत होता, “मामा, आम्ही पाणी काढून टाकायला विसरलो नव्हतो. खालचा प्लग मी स्वतःच्या हाताने उघडला होता. एक थेंबसुद्धा आला नाही!”

हे शेवटचे वाक्य लक्षात ठेवा. सगळा घोटाळा त्यातच दडलेला आहे. पण तेथे पोहोचण्याआधी बोटीचे एंजिन थंड कसे राहते ते पाहू.

सरोवर हाच रेडिएटर

लहान होडीच्या मागच्या फळीवर टांगलेले एंजिन तुम्ही पाहिले असेल. ते उभे धरले की त्यातले पाणी आपोआप गळून जाते, त्यामुळे हिवाळ्यात त्याची फारशी काळजी नसते. दुसरा प्रकार असतो बोटीच्या पोटात पक्क्या बसवलेल्या एंजिनाचा. त्याचा दांडा बोटीच्या तळातून बाहेर येतो आणि पाण्यातला पंखा फिरवतो. आपल्या कोकणातल्या मासेमारीच्या ट्रॉलरांत असतात ती एंजिने याच जातीची, फक्त ती डिझेलवर चालतात. भाच्याच्या बोटीतले एंजिन पेट्रोलचे होते, आणि मुळात ते मोटारगाडीसाठीच बनवलेल्या एंजिनाचे भावंड होते.

गाडीत एंजिनाची उष्णता पाणी रेडिएटरपर्यंत नेते आणि तेथे वाऱ्याने ती उडून जाते. बोटीला याची गरज काय? तिच्या खाली सरोवरभर थंड पाणी पसरलेले असते. तळाच्या एका भोकातून पंप ते ओढून घेतो. या पंपात रबरी पात्यांचे एक चक्र असते. मग ते पाणी सिलिंडरांभोवतीच्या पोकळ्यांतून खेळते, गरम होते आणि जळलेल्या वायूंबरोबर मागून बाहेर पडते. काही एंजिनांत आतल्या पोकळ्यांत स्वतंत्र शीतक द्रव कायम भरलेला असतो आणि सरोवराचे पाणी फक्त त्या द्रवाला थंड करते. पण तेथेही सरोवराच्या पाण्याचा एक मार्ग असतोच. बोट बाहेर काढली तरी हे पाणी पंपात, नळ्यांच्या झोळांत, धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांभोवती आणि ठोकळ्याच्या तळाशी साचून राहते. सगळे मिळून काही लिटर भरेल.

तेवढ्या पाण्याने लोखंड फुटते?

क्वेबेकचे तोफगोळे

बहुतेक पदार्थ गोठताना आकसतात. घरी करून पाहा: मेणबत्तीचे मेण वाटीत वितळवा आणि निवू द्या. मधोमध खळगा पडलेला दिसेल. पाणी मात्र उलट वागते. पाण्याचे रेणू द्रवात एकमेकांना खेटून, दाटीवाटीने फिरत असतात. गोठताना प्रत्येक रेणू चार शेजाऱ्यांशी ठरावीक अंतरावर आणि ठरावीक कोनांत बांधला जातो. त्यातून षटकोनी, पोकळ जाळी तयार होते. गर्दीतल्या माणसांना हात पसरून एकमेकांचे हात धरायला सांगितले तर त्यांना जास्त जागा लागेल, तसेच हे. १०० घन सेंटिमीटर पाण्याचे सुमारे १०९ घन सेंटिमीटर बर्फ होते.

ही वाढ होऊ दिली नाही तर? १७८४-८५ च्या हिवाळ्यात क्वेबेक येथे विल्यम्स नावाच्या ब्रिटिश तोफखान्यातील मेजरने हा प्रश्न सरळ निसर्गालाच विचारला. त्याने लोखंडी पोकळ तोफगोळे पाण्याने भरले, त्यांच्या तोंडात घट्ट लोखंडी बूच ठोकले आणि ते थंडीत उघड्यावर ठेवले. एका गोळ्याचे बूच उडून सुमारे ४०० फूट दूर जाऊन पडले. दुसऱ्याचे बूच हलले नाही, तेव्हा गोळाच फुटला आणि फटीतून बर्फाची पाकळी बाहेर आली. दारूचा एक कणही न वापरता!

आकडे पाहिले की हे पटते. उणे ५ अंश सेल्सिअसला पाणी गोठू द्यायचे नसेल तर त्याच्यावर वातावरणाच्या सुमारे ६०० पट दाब द्यावा लागतो. उणे १० अंशांला सुमारे १,१०० पट, आणि उणे २२ अंशांला २,००० पटींहून अधिक. म्हणजे कोंडलेले बर्फ भिंतींना एवढ्या जोराने रेटू शकते. एंजिनाचा ठोकळा बहुधा ओतीव लोखंडाचा असतो. या लोखंडाला दाबले तर ते पुष्कळ सोसते, पण ताणले तर लवकर तडकते, आणि बर्फ पोकळीच्या भिंतींना ताणतच असते. भिंत काही मिलिमीटर जाडीची. ती वाकणार नाही, चिरणारच.

यात एक गंमतीची गोष्ट आहे. सगळे पाणी एकदम गोठत नाही. आधी बारीक नळ्या आणि बाहेरच्या बाजूची पातळ भोके गोठतात. तेथे बर्फाचे बूच बसते आणि मधल्या पोकळीतले पाणी आपोआप कोंडले जाते. मेजरसाहेबांना बूच ठोकावे तरी लागले होते. एंजिन स्वतःच ठोकून घेते.

एंजिनाच्या बाजूंना पत्र्याच्या गोल चकत्या ठोकलेल्या असतात. बर्फ झाले तर त्या निसटतील आणि ठोकळा वाचेल, असे अनेक मेकॅनिकही सांगतात. या चकत्यांचा खरा जन्म ओतकामात आहे. ठोकळा ओतताना आतल्या पोकळ्यांच्या जागी वाळूचा गाभा ठेवतात. ओतून झाल्यावर ती वाळू बाहेर काढायला भोके लागतात, आणि मागाहून ती या चकत्यांनी बुजवतात. थंडीत त्या कधी निसटतात, कधी निसटत नाहीत. त्यांच्या भरवशावर राहणे म्हणजे नशिबाच्या भरवशावर राहणे.

बोट पाण्यातच बरी?

तुम्ही म्हणाल, मग बोट पाण्याबाहेर काढलीच नाही तर? प्रश्न चांगला आहे. पाण्याची घनता ४ अंशांला सर्वांत जास्त असते. त्यामुळे सरोवर वरून गोठते आणि तळाशी ४ अंशांच्या आसपासचे पाणी राहते. हे तुम्ही पुस्तकात वाचले आहे, आणि मासे हिवाळ्यात कसे जगतात हेही तेथेच वाचले असेल. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, सरोवर अजून द्रव असताना, त्यावर तरंगणाऱ्या बोटीच्या पोटाला खालून सतत ऊब मिळते. हवा शून्याखाली गेली तरी एंजिनाजवळचे तापमान लगेच तेवढे उतरत नाही. तीच बोट बाहेर काढून गाड्यावर ठेवली की चारही बाजूंनी आणि खालूनही थंड वारा लागतो. म्हणून पहिला घात पुष्कळदा जानेवारीतल्या कडाक्याने होत नाही. बोट काढल्यानंतरच्या पहिल्या-दुसऱ्या थंड रात्रीच तो होऊन जातो. भाच्याचे नेमके हेच झाले असावे. चीर ऑक्टोबरात पडली आणि एप्रिलपर्यंत बर्फाने ती झाकून ठेवली.

कायमचे पाण्यात ठेवायचे म्हटले तर पुढे बर्फाच्या लाद्या बोटीला चिरडण्याची भीती असते. मोठी जहाजेसुद्धा येथे हार मानतात. सुपीरिअर सरोवराला खालच्या सरोवरांशी जोडणारे सू येथील जलपाश दरवर्षी साधारणपणे १५ जानेवारी ते २५ मार्च बंद असतात. तेवढे दिवस लोहखनिज वाहणारी प्रचंड जहाजे बंदरांत बांधून ठेवतात आणि त्यांच्या एंजिनांची डागडुजी करून घेतात.

एक थेंबही का आला नाही?

आता भाच्याच्या प्लगकडे वळू. ठोकळ्याच्या तळाशी दोन्ही बाजूंना पाणी काढण्याचे प्लग असतात. प्लग उघडला की पाण्याची धार लागायला हवी. पण जुन्या एंजिनात गंजाचे कपचे, सरोवरातली वाळू आणि गाळ हे सगळे वर्षानुवर्षे खाली बसत जाते. सर्वांत खाली काय असते? प्लगचे भोक! तेथे या चिखलाचा घट्ट थर बसलेला असतो. प्लग काढला तरी आतले बूच तसेच राहते. पाणी येत नाही, आणि माणूस समजतो की एंजिन रिकामे आहे.

अनुभवी माणूस अशा वेळी खुशीत येत नाही, तो संशय घेतो. एवढ्या मोठ्या एंजिनातून एक थेंबही नाही, हे शक्य कसे? तो एक तार घेतो, भोकात खुपसून फिरवतो. आधी तपकिरी चिखल येतो, मग धार लागते. काम एका मिनिटाचे. मला विचाराल तर हिवाळी तयारीच्या सगळ्या सामानात या तारेइतकी मोलाची वस्तू दुसरी नाही.

तळाच्या गोल-चेंडू झडपेचीही अशीच एक खोड आहे. तिच्यात आरपार भोक असलेला एक चेंडू फिरतो. झडप बंद केली की त्या भोकातले घोटभर पाणी आत अडकते आणि गोठून झडपेचे अंग फोडते. म्हणून जमिनीवरच्या बोटीत ती उघडी ठेवतात. वसंतात बोट पाण्यात सोडण्याआधी ती आठवणीने बंद करून तपासावी लागते, नाहीतर काय होईल ते सांगायला नको. कित्येक जण काढलेले प्लग पिशवीत घालून ती पिशवी एंजिनाच्या किल्लीलाच बांधून ठेवतात. किल्ली हाती घेताच आठवण होते.

गोठू न देणारा गुलाबी द्रव

पाणी काढल्यावरही कोनाकोपऱ्यांत थोडे उरतेच. म्हणून मागाहून आत गोठणरोधक द्रव घालतात. पाण्यात दुसरा पदार्थ विरघळवला की त्याचे रेणू पाण्याच्या रेणूंना जाळी बांधू देत नाहीत आणि गोठणबिंदू खाली उतरतो. मीठही हे काम करते, पण ते लोखंड खाते. गाडीत एथिलीन ग्लायकॉल वापरतात. समभाग पाण्याबरोबर त्याचे मिश्रण उणे ३७ अंशांच्या आसपास गोठते. मात्र ते विषारी आहे, आणि चवीला गोड असल्याने जनावरे ते चाटतात. बोटीतला हा द्रव वसंतात सरोवराकडे जाऊ शकतो, म्हणून तेथे प्रोपिलीन ग्लायकॉल पसंत करतात. तो पुष्कळ कमी विषारी असतो. बाजारात बहुधा तो गुलाबी रंगाचा मिळतो.

येथेही दोन खड्डे आहेत. आतले पाणी न काढताच द्रव ओतला तर तो पातळ होतो आणि त्याचा गोठणबिंदू वर चढतो. डब्यावर लिहिलेला आकडा मग खोटा ठरतो. दुसरा खड्डा थर्मोस्टॅटचा. एंजिन गार असताना ही झडप बंद असते आणि पाणी ठोकळ्यात न शिरता परस्पर बाहेर जाते. झडपेत मेणाची एक गोळी असते. एंजिन सुमारे ६० ते ७० अंशांपर्यंत तापले की मेण वितळते, फुगते आणि झडप उघडते. पाहा, वाटीतल्या मेणाचा खळगा येथे कामाला आला! गार एंजिनात पंपाने गुलाबी द्रव सोडला तर मागून गुलाबी धार दिसते, मालक निश्चिंत होतो, आणि ठोकळ्यात साधे पाणीच राहते. म्हणून एक तर एंजिन आधी तापवतात, नाहीतर नळी सोडवून द्रव थेट ठोकळ्यात ओततात.

घरच्या फ्रीजरमध्ये प्रयोग करा. प्लास्टिकच्या दोन सरळ उभ्या बाटल्या घ्या, काच नको. एकीत ११ सेंटिमीटर उंचीपर्यंत पाणी घाला. दुसरीत तेवढेच, पण निम्मे पाणी आणि निम्मे औषधांच्या दुकानातले ग्लिसरीन. झाकणे सैल ठेवा. दुसऱ्या दिवशी पहिलीतले बर्फ १२ सेंटिमीटरच्या जवळपास पोहोचलेले असेल, मधोमध थोडा फुगवटाही दिसेल. दुसरीतला द्रव हलवला की हलेल.

बर्फाशिवायचे शत्रू

हिवाळी तयारीत आणखी पुष्कळ कामे असतात. ती भराभर पाहू.

तेल बदलतात ते वसंतात नाही, बोट ठेवण्यापूर्वी. का? एक हिशेब करा. पेट्रोलमधला ऑक्टेन घ्या. त्याच्या एका रेणूत हायड्रोजनचे १८ अणू असतात, म्हणून तो जळताना पाण्याचे ९ रेणू होतात. ऑक्टेनचा रेणुभार ११४ आणि पाण्याच्या ९ रेणूंचा १६२. लिटरभर पेट्रोलचे वजन सुमारे ७४० ग्रॅम धरले तर त्यापासून १,०५० ग्रॅम पाणी होते. म्हणजे जेवढे पेट्रोल, साधारण तेवढेच पाणी! बहुतेक वाफ होऊन निघून जाते, पण थोडे दट्ट्यांच्या कडेने खाली उतरते आणि ज्वलनात झालेल्या ऑक्साइडांबरोबर तेलात आम्ले बनवते. असले तेल सहा महिने बेअरिंगांवर बसू देणे बरे नाही.

सिलिंडरच्या आतल्या भिंती उघड्या लोखंडाच्या असतात. एंजिन बंद करण्यापूर्वी कार्ब्युरेटरमधून तेलाचा फवारा मारतात. पांढरा धूर निघतो आणि आत तेलाचा पातळ थर बसतो. इंधन फवारणाऱ्या नव्या एंजिनांत पुष्कळदा स्पार्क प्लग काढून तेल सोडतात. चालत्या डिझेल एंजिनात मात्र हा प्रयोग कोणी करू नये. तेल हे त्याला इंधनच वाटते. ते आपोआप वेग घेईल आणि बंद करता येणार नाही.

अमेरिकेत पेट्रोलमध्ये बहुधा १० टक्के इथेनॉल असते. भारतात २०२५ मध्ये हे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत गेले. इथेनॉल हवेतली वाफ शोषते. तापमान उतरले की पेट्रोलची पाणी धरून ठेवण्याची ताकद कमी होते आणि एके क्षणी पाणी व इथेनॉल मिळून तळाशी वेगळा थर होतो. एंजिन नळी नेमकी तळातून ओढते! म्हणून टाकी जवळजवळ भरून ठेवतात, आणि पेट्रोलचा चिकटा होऊ नये म्हणून त्यात एक रसायन घालतात.

बॅटरीची गोष्ट रसायनशास्त्राच्या तासाला सांगण्यासारखी आहे. शिसे-आम्ल बॅटरी उतरताना गंधकाम्ल खर्ची पडते आणि पाणी तयार होते. पूर्ण भरलेल्या बॅटरीतला द्रव उणे ६० अंशांच्या आसपासही गोठत नाही. पूर्ण उतरलेली बॅटरी उणे ८-१० अंशांलाच गोठून फुटू शकते. तेव्हा ती भरून ठेवायची, एवढेच.

आपल्या कोकणात एंजिनाला बर्फाचे भय नाही, पण झोपेचा काळ आहे. जून-जुलैत मासेमारी बंद असते, बोटी किनाऱ्यावर ओढून झाकून ठेवतात. तेथे शत्रू असतो मीठ आणि दमट हवा. आतून गोड्या पाण्याने धुणे, तेल बदलणे, अधूनमधून एंजिन हाताने फिरवून दट्टे एका जागी चिकटू न देणे ही कामे तेथेही करावी लागतात. तुमच्या गावाला बंदर असेल तर पावसाळ्यात एखाद्या तांडेलाला जरूर विचारा. पुस्तकात नसलेल्या गोष्टी कळतील.

भाच्याने पुढे एक जुने एंजिन मिळवून बसवले. त्यानंतरच्या ऑक्टोबरात त्याने मला एक छायाचित्र पाठवले. बोटीच्या पोटात एक प्लास्टिकची बादली ठेवली आहे, बादलीच्या तळाशी गंजाचा लालसर चिखल आहे आणि त्यावर चांगले चार बोटे पाणी. खाली त्याने लिहिले होते, “प्लग उघडला तेव्हा याही वेळी एक थेंब आला नव्हता.” बादलीच्या काठावर वाकवलेली तार ठेवलेली दिसत होती.